बापाची अस्थिमज्जा लेकराला चालेल काय?

पोळा होऊन आठ दिवस झाले असतील. तिरोडा तालुक्यातील बोदलकसा येथे एका जुन्या रुग्णाला पाहून मी परत निघालो होतो. तलावाच्या पाळीजवळ एका गृहस्थांनी हात करून गाडी थांबवली. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत तपासण्यांच्या कागदांची जाड फाईल. त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग आहे. पहिल्या उपचाराने आजार दबला, पण काही महिन्यांनी त्याने पुन्हा डोके वर काढले. पुन्हा औषधे देऊन तो आटोक्यात आणला आहे आणि आता अस्थिमज्जा बदलावी, म्हणजे ज्याला आपण बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो ते करावे, असा सल्ला मोठ्या दवाखान्यातील डॉक्टरांनी दिला आहे. घरातल्या सगळ्यांचे रक्त तपासले. बहिणीचे जुळले नाही. आईचे आणि वडिलांचे अर्धे जुळले. वडिलांनी द्यायचे असे ठरले.

पण गावात चर्चा सुरू झाली. कोणी म्हणाले, अर्धे जुळते म्हणजे अर्धे परकेच. कोणी म्हणाले, परके रक्त अंगात गेले की अंग ते फेकून देते. एका शहाण्याने तर प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या चूर्णाचा डबा आणून दिला आणि आधी महिनाभर हे खाऊ घाला असे सांगितले. बाप बिचारा गोंधळून गेला. मला म्हणाला, "साहेब, अर्धं परकं पोट्ट्याच्या अंगात गेलं त ते त्याले मारन का वाचवन?"

प्रश्न अगदी नेमका होता. आपले शरीर आपले कोण आणि परके कोण हे ओळखते तरी कसे? त्या दिवशी पाळीवर बसून त्यांना जे सांगितले, तेच जरा विस्ताराने येथे मांडतो. हाच प्रश्न जिल्ह्यातल्या आणखीही घरांत विचारला जातो. सिकलसेलग्रस्त मुलांचे जे आईवडील अस्थिमज्जा बदलण्याची चौकशी करून आले आहेत, त्यांनीही 'एच. एल. ए. जुळवणी' हा शब्द ऐकलेला असतो. त्याचा अर्थ मात्र फार थोड्यांना कोणी समजावून सांगितलेला असतो.

पेशीच्या दारावरची खूण

आपले शरीर असंख्य पेशींचे बनले आहे. यांतल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर प्रथिनांच्या काही खुणा असतात. त्यांना एच. एल. ए. म्हणतात. १९५८ साली फ्रान्सचे जाँ दोसे यांनी माणसातली अशी पहिली खूण शोधली आणि पुढे १९८० साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. या खुणांचे प्रकार हजारोंनी आहेत. म्हणून दोन अनोळखी माणसांच्या खुणा सहसा जुळत नाहीत. मुलाला यांचा एक संच आईकडून मिळतो व एक बापाकडून. त्यामुळे आईबाप आणि लेकरू यांचे नेहमी अर्धेच जुळते. ती काही या घराण्यातली खोट नव्हे. सख्ख्या भावंडांचे मात्र नशीब असते. पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, अर्धे जुळण्याची चारात दोन आणि मुळीच न जुळण्याची चारात एक.

या खुणा निसर्गाने शल्यचिकित्सकांना त्रास देण्यासाठी ठेवलेल्या नाहीत. पेशीच्या आत काय चालले आहे त्याचा नमुना बाहेर दाखवणे हे त्यांचे खरे काम. आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे या खुणेच्या खोबणीत अडकवून पेशी ते बाहेर मांडते. दुकानदार पोत्यातले मूठभर धान बशीत काढून समोर ठेवतो तसे. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी 'टी' नावाच्या पेशी हा नमुना तपासतात. त्यात विषाणूचा तुकडा दिसला की ती पेशी बिघडली असे समजून तिला मारतात. मात्र नव्या शत्रूची ओळख पटून टी पेशींची फौज तयार व्हायला काही दिवस लागतात.

आता एखादा चलाख विषाणू काय करील? तो बशीच उचलून ठेवील. नमुनाच दिसला नाही तर टी पेशी तपासणार काय? अनेक विषाणू खरोखर हेच करतात. कर्करोगाच्या कित्येक पेशीही आपल्या अंगावरच्या खुणा पुसून टाकतात. येथून आपल्या लेखाच्या नायकाचे काम सुरू होते.

नाक्यावरचा पहारेकरी

रक्तात फिरणाऱ्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींत साधारण ५ ते १५ टक्के पेशी एका वेगळ्या जातीच्या असतात. त्यांना नैसर्गिक मारक पेशी, इंग्रजी आद्याक्षरांवरून एन. के. पेशी, म्हणतात. १९७५ साली स्वीडनमधील स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत रॉल्फ किस्लिंग, एव्हा क्लाइन आणि हान्स विग्झेल यांनी त्यांचे वर्णन केले. त्याच सुमारास अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांनाही त्या आढळल्या होत्या. त्याआधी गंमत अशी होत असे की, कर्करोगाच्या पेशींवर प्रयोग करताना ज्या प्राण्यांना आधी काहीच टोचलेले नाही त्यांच्या रक्तातल्या पेशीही त्या गाठीच्या पेशींना मारताना दिसत. पुष्कळांना वाटे, आपल्याच प्रयोगात काहीतरी गडबड झाली आहे. ती गडबड म्हणजेच या पेशी होत्या. त्यांना पूर्वओळख लागत नाही आणि तालमीसाठी थांबावेही लागत नाही. 'नैसर्गिक' हे नाव त्यावरून पडले.

मग प्रश्न येतो की शत्रूची ओळख नसताना या पेशी मारतात कोणाला? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चांगल्या पेशींना सोडून कसे देतात?

हे समजायला आपल्याला फार दूर जायला नको. बोदलकशाहून नागझिऱ्याचे जंगल जवळच आहे. चोरखमारा नाक्यावर जो वनरक्षक उभा असतो, त्याच्याजवळ जगातल्या सगळ्या चोरट्या शिकाऱ्यांचे फोटो नसतात. तो फक्त परवाना मागतो. परवाना दिसला की गाडी सोडतो. नसला की अडवतो. मारक पेशीचे काम काहीसे असेच आहे. तिच्या अंगावर काही ग्राहक असतात. हे ग्राहक समोरच्या पेशीवरची एच. एल. ए. खूण चाचपतात. खूण हाताला लागली की मारक पेशीच्या आत 'थांब' असा हुकूम जातो आणि ती पुढे सरकते. खूण लागली नाही तर हा हुकूम येत नाही.

पण परवाना नाही एवढ्यावरून लगेच काठी चालवणारा वनरक्षक चांगला नव्हे. गावातली म्हातारी मोहफुले वेचून रिकाम्या हाताने परत येत असते, तिच्याजवळ कुठला परवाना? म्हणून मारक पेशी दुसरीही एक गोष्ट पाहते. पेशी आतून बिघडू लागली, तिच्यावर ताण आला, की तिच्या अंगावर काही वेगळी प्रथिने उगवतात. चांगल्या पेशीवर ती सहसा नसतात. त्यांच्यामुळे मारक पेशीच्या आत 'चल' असा हुकूम जातो. 'थांब' आणि 'चल' या दोन हुकमांची बेरीज-वजाबाकी होऊन निर्णय ठरतो. निरोगी पेशीत 'थांब' जोरदार असते व 'चल' क्षीण, म्हणून ती वाचते. विषाणूने पोखरलेल्या पेशीची खूण गेलेली असते आणि ताणाची प्रथिने वर आलेली असतात, म्हणून ती मरते. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींवर एच. एल. ए. खुणा जवळजवळ नसतातच. तरीही मारक पेशी त्यांना हात लावत नाहीत, कारण त्यांच्या अंगावर 'चल' म्हणणारेही काही नसते. ती आपली मोहफुले वेचणारी म्हातारी.

मारायचे ठरले की काम फार चटकन होते. मारक पेशी शिकाराला चिकटते, परफोरिन नावाचे प्रथिन सोडून तिच्या आवरणाला भोके पाडते आणि त्यांतून ग्रान्झाइम नावाची द्रव्ये आत ढकलते. शिकार झालेली पेशी स्वतःच स्वतःला मोडून टाकते. हे हत्यार काम देत नसेल तर काय होते, हेही डॉक्टरांनी पाहिले आहे. काही बालकांत जन्मतःच परफोरिन सदोष असते. साध्या विषाणूनंतर अशा मुलाला उतरत नाही असा ताप येतो, यकृत व प्लीहा वाढते, रक्तातल्या पेशी झपाट्याने कमी होतात. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था आहे. अशा मुलांच्या मारक पेशी व परफोरिन तपासण्याची सोय तेथे आहे.

उंदरांचे कोडे

'खूण नसणे हाच गुन्हा' ही कल्पना सुचली कशी, ती हकिकत मला फार आवडते. शिवाय आपल्या बोदलकशाच्या बापाच्या प्रश्नाशी तिचे थेट नाते आहे.

प्रयोगशाळेत उंदरांच्या अशा जाती असतात की पिढ्यान्पिढ्या भावंडांत संकर करून एका जातीचे सगळे उंदीर जुळ्यांसारखे झालेले असतात. अशा 'क' जातीची मादी आणि 'ख' जातीचा नर यांच्या पिलांत दोन्ही खुणा असतात. या पिलाला बापाची कातडी लावली तर ती टिकते. टिकणारच, कारण बापाच्या अंगावर पिलाला परकी अशी एकही खूण नाही. पण त्याच पिलाला बापाची अस्थिमज्जा दिली तर ती पुष्कळदा नाकारली जाते! १९५० आणि १९६० च्या दशकांत हे दिसून आले आणि शास्त्रज्ञ बुचकळ्यात पडले. परके काहीच नसताना नाकारले का?

याचे उत्तर स्टॉकहोमच्याच क्लास कॅरे या तरुण संशोधकाने सुचवले. त्याने १९८१ च्या आपल्या प्रबंधात असे मांडले की, मारक पेशी परके काय आहे ते शोधतच नसतील. आपले काय नाही ते शोधत असतील. बापाच्या पेशींवर 'ख' ही खूण आहे, 'क' नाही. पिलाच्या काही मारक पेशी 'क' हीच खूण चाचपणाऱ्या आहेत. त्यांच्या हाताला ती लागत नाही, 'थांब' हुकूम येत नाही आणि त्या बापाच्या पेशी मारतात. १९८६ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात पुरावा दिला. उंदराच्या एकाच कर्करोगाच्या दोन प्रकारच्या पेशी घेतल्या, एक खूण असलेल्या आणि एक खूण गमावलेल्या. खूण असलेल्या पेशींची गाठ उंदरात वाढली. खूण नसलेल्या पेशी मारक पेशींनी साफ केल्या. तोपर्यंत सर्वसाधारण समजूत याच्या अगदी उलट होती. ज्या ग्राहकांनी ही खूण चाचपली जाते ते पुढे १९९० च्या दशकात सापडले, उंदरात अमेरिकेच्या वेन योकोयामा यांना आणि माणसात इटलीतील जेनोव्हाच्या अलेस्सांद्रो मोरेत्ता व त्यांच्या सहकाऱ्यांना.

येथे चाणाक्ष वाचक विचारील की खुणा सहाव्या गुणसूत्रावर आणि त्या ओळखणारे माणसातले ग्राहक एकोणिसाव्या गुणसूत्रावर, मग दोन्हींचा मेळ बसेलच कशावरून? एखाद्याच्या मारक पेशीला अशाच खुणेचा ग्राहक मिळाला, जी खूण त्याच्या शरीरात कुठेच नाही, तर ती पेशी घरच्याच माणसांवर तुटून पडायची! तसे होत नाही. २००५ सालापासूनच्या संशोधनातून दिसले आहे की, मारक पेशी तयार होताना तिला आपल्या शरीराची खूण एकदा तरी ओळखता यावी लागते. जिला ती ओळखता येत नाही ती नाहीशी होत नाही, पण मंद राहते, सहजासहजी चवताळत नाही. गावचा परवाना कसा दिसतो हे ज्याला कळत नाही त्या नव्या वनरक्षकाच्या हातात काठी देत नाहीत, तसेच हे. थोडक्यात, मारण्याचा अधिकार आपल्यांना ओळखून सोडून देता येणाऱ्यालाच मिळतो.

विषाणूंची लबाडी

मारक पेशी नसल्या तर माणूस जगतो का? १९८९ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी एका किशोरवयीन मुलीची हकिकत प्रसिद्ध केली. तिच्या रक्तात मारक पेशी नव्हत्या. कांजिण्या आल्या त्या जीवघेण्या स्वरूपात, आणि पुढे त्याच नागीण कुळातल्या दुसऱ्या विषाणूंनीही तिला गंभीर आजारी पाडले. कांजिण्या, नागीण, ओठावर उठणारी जर या सगळ्या एकाच कुळातल्या विषाणूंच्या करामती आहेत आणि या कुळाला धाकात ठेवण्याचे मोठे काम मारक पेशी करतात.

विषाणूही कमी नाहीत. याच कुळातला सायटोमेगॅलो विषाणू पेशीवरची खरी खूण ओढून आत घेतो आणि तिच्या जागी खुणेसारखे दिसणारे स्वतःचे नकली प्रथिन मांडतो. एड्सचा विषाणू आणखी बेरकी. तो 'ए' आणि 'बी' प्रकारच्या खुणा काढून टाकतो, कारण टी पेशी मुख्यतः त्या पाहतात. पण मारक पेशी जिच्यावर जास्त विसंबून असतात ती 'सी' खूण बहुधा जागेवर राहू देतो. दोन्ही पहारेकऱ्यांना एकाच वेळी चकवायचे! लाखो वर्षांच्या या चढाओढीतच आपल्या खुणांचे इतके प्रकार झाले असावेत.

त्या चूर्णाच्या डब्याबद्दल येथेच सांगून टाकतो. प्रतिकारशक्ती म्हणजे बैलाची ताकद नव्हे की पेंड घातली आणि वाढली. तिच्यात मारणे जितके आहे तितकेच आवरणे आहे. ज्याला रक्ताचा कर्करोग आहे अशा मुलाला, त्याच्या डॉक्टरांना न विचारता, कोणतेही चूर्ण, काढा अथवा भस्म देऊ नये. त्यातल्या काही द्रव्यांचा यकृतावर परिणाम होतो आणि केमोथेरपीचे सगळे गणित बिघडते. अलीकडे मोठ्या शहरांत 'एन. के. पेशींचे इंजेक्शन' अशा जाहिरातीही दिसतात. कर्करोगावर या पेशी बाहेरून देण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत, पण ते अद्याप मुख्यतः प्रयोगाच्या अवस्थेत आहेत. शेत विकून घ्यावे असे ते औषध नव्हे.

अर्धे परके पोटात वाढते

त्या गृहस्थांना मी विचारले, "भाऊ, तुमच्या मुलाचे त्याच्या आईशी किती जुळले?" ते म्हणाले, अर्धे. "मग नऊ महिने तो तिच्या पोटात होताच की. तेव्हा ते अर्धे परके तिच्या अंगाने फेकले नाही."

हे केवळ समजूत घालण्यासाठी म्हटले नव्हते. गर्भाशयाच्या अस्तरात गरोदरपणाच्या सुरुवातीला ज्या पांढऱ्या पेशी जमतात, त्यांत सर्वांत मोठा वाटा मारक पेशींचाच असतो. बाळाच्या वारेच्या पेशी आईच्या अस्तरात शिरतात तेव्हा त्या 'ए' आणि 'बी' खुणा अंगावर ठेवत नाहीत. 'सी' खूण आणि 'जी' व 'ई' या खास खुणा तेवढ्या दाखवतात. आईच्या मारक पेशी त्या चाचपतात आणि मारण्याऐवजी तेथल्या रक्तवाहिन्या रुंद करण्यास मदत करतात, म्हणजे बाळाला रक्त भरपूर मिळावे. आईचे ग्राहक आणि बाळाची 'सी' खूण यांचे काही विशिष्ट जोड असले तर रक्तवाहिन्या पुरेशा रुंदावत नाहीत आणि गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका वाढतो, असेही संशोधनात आढळले आहे. अर्धे परके सांभाळण्याची विद्या शरीराजवळ आहे, हे मात्र यातून दिसते.

बापाच्या पेशी पोराच्या अंगात

भारतातली पहिली यशस्वी अस्थिमज्जा बदलण्याची क्रिया मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी केली. रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली. भावाचे पूर्ण जुळले होते. त्या काळी पूर्ण जुळणारे भावंड नसेल तर डॉक्टर हात टेकत. कुटुंबे लहान झाली तसे असे भावंड मिळणे आणखी कठीण झाले. म्हणून अर्ध्या जुळणीचा मार्ग शोधणे भाग पडले.

यात अडचणी दोन बाजूंनी येतात. मुलाच्या शरीरातले पहारेकरी बापाच्या पेशी नाकारतील, ही पहिली. म्हणून आधी तीव्र औषधे, कधी किरणही देऊन मुलाची जुनी अस्थिमज्जा व तिच्यातले पहारेकरी काढून टाकतात. उंदराच्या पिलाने बापाची अस्थिमज्जा नाकारली, कारण त्याचे पहारेकरी शाबूत होते. येथे ते शाबूत ठेवत नाहीत. दुसरी अडचण उलटी आहे. बापाच्या टी पेशी मुलाच्या शरीरालाच परके समजून त्वचा, आतडी आणि यकृत यांवर हल्ला करतात. यावर इटलीतील पेरुजियाच्या डॉक्टरांनी टी पेशी आधीच गाळून काढण्याचा उपाय केला. पुढे अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील डॉक्टरांनी अधिक सोपी आणि स्वस्त रीत रूढ केली. अस्थिमज्जा दिल्यावर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे जुनेच औषध देतात. चवताळून वाढू लागलेल्या टी पेशी त्याने मरतात आणि शांत असलेल्या मूळ पेशी वाचतात. या रीतीमुळे आपल्याकडेही अर्ध्या जुळणीचे उपचार आवाक्यात आले. टाटाचा हा विभाग आता नवी मुंबईत खारघर येथील ॲक्ट्रेक या केंद्रात आहे.

आता मारक पेशी येथे काय करतात ते पाहू. नव्या अस्थिमज्जेतून ज्या पांढऱ्या पेशी तयार होतात त्यांत मारक पेशी लवकर, काही आठवड्यांतच, येतात. टी पेशींना महिनेच्या महिने लागतात. म्हणजे सुरुवातीच्या नाजूक दिवसांत मुलाच्या अंगात पहारा देतात त्या बापाच्या मारक पेशी. सगळ्या माणसांच्या 'सी' खुणा या पेशींच्या दृष्टीने ढोबळ दोनच गटांत पडतात. समजा, बापाजवळ दोन्ही गट आहेत आणि मुलाजवळ एकच. तर बापाच्या काही मारक पेशींना मुलाच्या पेशींवर ओळखीची खूण सापडणार नाही. ज्या कर्करोगाच्या पेशी औषधांतून निसटून कुठेतरी लपल्या असतील, त्यांच्यावर खूण नाही आणि ताणाची चिन्हे आहेत, म्हणजे त्या हमखास सावज. २००२ साली पेरुजियाचे आंद्रेआ वेलार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात लिहिले की, मायलॉइड प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात दात्याच्या आणि रुग्णाच्या खुणांत असा फरक होता तेव्हा आजार उलटण्याचे प्रमाण फारच कमी झाले, आणि मारक पेशींनी त्वचा-आतड्यांवर हल्लाही केला नाही. पुढे इतर ठिकाणी, निराळ्या रीतीने उपचार करताना, हा फायदा सर्वत्र सारखा दिसला नाही. त्यामुळे दाता निवडताना आज केवळ यावर कोणी विसंबत नाही. वय, प्रकृती, रुग्णाच्या रक्तातली प्रतिद्रव्ये अशा अनेक गोष्टी पाहतात. पण जे अर्धे जुळत नाही ते निव्वळ वैर नसते, कधी ते औषधच होते, हे तेव्हापासून डॉक्टरांच्या लक्षात आले.

म्हणून गावातल्या मंडळींना माझे सांगणे आहे की, त्या बापाला घाबरवू नका. या उपचारात धोका नक्की आहे. पहिले काही आठवडे जंतुसंसर्गाचे फार भय असते, दात्याच्या पेशींचा हल्ला होऊ शकतो, आजारही परत येऊ शकतो. डॉक्टरांनी हे सगळे त्यांना सांगितलेले आहे आणि संमतीच्या कागदावर तसे लिहिलेलेही आहे. मात्र 'अर्धे परके म्हणून अंग फेकून देईल' हे कारण आता खरे राहिलेले नाही.

उठताना त्यांनी आणखी काही विचारले. आपला रक्तगट 'बी' आहे आणि मुलाचा 'ओ', चालेल का? चालते. रक्तगट आणि एच. एल. ए. यांचा एकमेकांशी संबंध नाही. डॉक्टर त्याची वेगळी काळजी घेतात आणि पुढे मुलाचा रक्तगट हळूहळू बापाचा होतो. हे ऐकून त्यांना पहिल्यांदा हसू आले. पाठीच्या कण्याला सुई लावतात काय? नाही. अस्थिमज्जा काढतात ती कमरेच्या मागच्या हाडातून, भूल देऊन. पुष्कळदा चारपाच दिवस इंजेक्शने देऊन हातातल्या शिरेतून यंत्राने पेशी वेगळ्या करतात. शरीर त्या भरून काढते. खर्चाचे काय? रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना फाईल घेऊन पहिल्याच दिवशी भेटा. शासकीय योजना आणि धर्मादाय निधी यांची कागदपत्रे तेच करून देतात, आणि रेशनकार्ड व उत्पन्नाचा दाखला येथूनच घेऊन जा. तिथे गेल्यावर या कागदांसाठी पुन्हा तिरोड्याला यावे लागते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

शेवटी ते पाळीखालच्या बांध्यांकडे पाहून म्हणाले, "साहेब, धान कापनीले मी परत येईन का?"

देणारा आठवड्या-दोन आठवड्यांत कामाला लागतो, असे मी सांगितले. मुलाला मात्र दवाखान्याजवळच तीन महिने तरी राहावे लागेल आणि कोणीतरी सोबत हवे. त्याची आई राहील, ते म्हणाले, आणि फाईल पिशवीत घालून निघाले.